पुठ्ठ्याआडचे पान

अल्लाहचे नाव घेऊन मी, शेख चांदपाशा महेबूब, वय ४९, धंदा पुस्तकबांधणी, राहणार ट्युशन एरियामागे, लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हृदय कमजोर आहे आणि हात थरथरतात, म्हणून अक्षर वाकडे आले. कोणी जबरदस्ती केलेली नाही. करील असे घरात कोणी नाही.

१. राहती खोली व बँकेतील शिल्लक माझी बहीण गौसिया, राहणार उदगीर, हिला जावी. १९९३ च्या भूकंपात आमच्या घरचे आम्ही दोघेच उरलो. ती सासरी होती आणि मी लातूरला बाइंडिंग शिकत होतो. आमच्या शरियतप्रमाणे एक तृतीयांशापर्यंतच वारसाबाहेर देता येते. खालच्या वस्तू त्यात सहज बसतात.

२. पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, कटिंग मशीन, सुया व दोरा संघपाल याला द्यावेत. तो अकरा वर्षे माझ्यासोबत दुकानात होता, आता नांदेडला जुने कागद दुरुस्त करतो. तो निघाला त्या दिवशी मी रागाने मान वर केली नाही. पुढे सहा महिने मी चहावाल्याला दोनच चहा सांगत होतो. दुसरा मीच प्यायचो. हे त्याला कोणीतरी सांगावे.

३. शेजारचा झेरॉक्सवाला माणिकप्पा याने स्पायरल मशीन आणून क्लासच्या नोट्सचे माझे सगळे काम नेले. त्याला काही ठेवलेले नाही. राग हे कारण नाही. मला साक्षीदार म्हणून त्याची सही हवी आहे, आणि घेणाऱ्याने साक्ष देऊ नये असे वकील म्हणाले.

४. आता पुस्तकाविषयी. भूकंपानंतर परदेशातून कपड्यांचे गठ्ठे आले होते. त्यात जाड लोकरीचे कोट होते. आमच्या उन्हात ते घालणार कोण? लोकांनी ते पत्र्याच्या शेडच्या फटींना लावले. मला मिळालेल्या कोटाच्या आतल्या खिशात हे पुस्तक होते. पंज्याएवढे, जाड, काळ्या टोकदार अक्षरांचे. वाचता आला तो फक्त आकडा, १८८७. कोणाच्या तरी देवाचे असेल म्हणून मी ते नेहमी उंचावर, कापडात ठेवले. एका प्राध्यापकांनी ते जर्मन सांगितले. माणिकप्पा म्हणाला, "पाशा, रद्दीत घाल की. कोटासंगं ते बी किलोवर आलंय."

गेल्या वर्षी वरच्या खोलीत राहणाऱ्या समीक्षाने त्याचे फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकले. ही अर्धापूरची मुलगी, डॉक्टरीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेली. दोन दिवसांनी ती जिन्यावरूनच बोलत खाली आली. "चाचा, फिनलंडचं हाय. भजनाचं पुस्तक. तिकडं म्हणे घरातल्यांचे जन्म न् मरण पहिल्या पानावर लिहितेत. तुमच्यात कोणाची नावं हायत, बघा की."

मी बघितले नाही. मला माहीत होते.

तरी नांदेडला अमृतरावांकडे गेलो. ते जुनी पुस्तके, जुनी नाणी ओळखतात. त्यांनी पुस्तक उघडले आणि पहिले कोरे पान बोटाने चोळले.

"हे पान तर आपल्याकडचं हाय. पहिलं कुठं गेलं?"

"त्याच्यावर शाईनं लिहिलेलं होतं. नवी बांधणी केली तव्हा काढलं."

"कोण सांगितलं काढ म्हणून?"

"कोणी न्हाई. आमच्या धंद्यात तसंच करतेत."

"लग्नपत्रिकेतली नावं खोडून पत्रिका घेऊन आलाव माझ्याकडं. अशी भजनं तिकडं घरोघरी असतील. ह्याला भाव न्हाई." मग चष्मा काढून त्यांनी विचारले, "टाकलंव कुठं ते पान?"

"टाकलं न्हाई. आम्ही कागद टाकत न्हाई. पुठ्ठ्याला अस्तर म्हणून डकवलं."

"कोणत्या पुठ्ठ्याला?"

"ह्याच्याच."

त्यांनी पुस्तक अलगद मिटून कापडावर ठेवले. चहा आला तेव्हा म्हणाले, "तुम्ही नका हात लावू."

मी लावला होता. सुरुवातीच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा वाफेवर धरला तर हात हलला आणि दोन अक्षरे खळीसोबत निघाली. लिहिलेली बाजू आत आहे. सात ओळी होत्या आणि शेवटची वेगळ्या शाईत होती, एवढे आठवते. १९९६ साली मी हे काम मन लावून, चांगले समजून केले. पुस्तक नवे दिसावे एवढेच मनात होते.

म्हणून हे पुस्तक संघपालकडे द्यावे. त्याने दमट हवा गेल्यावर पान सोडवावे. खळीत मोरचूद आहे, त्यामुळे कसर लागली नसेल. नावे दिसल्यावर समीक्षाने त्या घरचे कोणी आहे का ते शोधावे आणि पुस्तक त्यांना पाठवावे. त्याचा खर्च माझ्या एक तृतीयांशातून व्हावा. कोणी सापडले नाही तर संघपालने ते सांभाळावे, विकू नये.

५. भूकंपात गेलेल्यांच्या यादीत आमच्या घरचे तिघे आहेत. वडील आणि भाऊ नावाने आहेत. आईपुढे 'महेबूब यांची पत्नी' एवढेच लिहिले आहे. दुरुस्तीसाठी मी तीनदा गेलो. टेबलावरचा माणूस म्हणाला, "मदत भेटली ना? मग नावाचं काय घेऊन बसलाव?" त्याचेही घर पडले होते, म्हणून मी वाद घातला नाही. तिचा फोटो नाही. सगळ्यांना एकत्रच माती दिली, त्यामुळे वेगळी कबर नाही. परक्या घराची सात नावे मी स्वतःच्या हाताने झाकली, तेव्हा हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

माझ्या आईचे नाव मालनबी.

हे नाव संघपालने त्या पुस्तकात लिहू नये. ते पान त्यांचे आहे. सही करायला साक्षीदाराने मजकूर वाचावा लागत नाही, असे वकील म्हणतात. तरी माझी विनंती आहे की हे एक कलम दोघांनी मोठ्याने वाचावे, मगच सही करावी.

लिहून देणार : शेख चांदपाशा महेबूब (सही)
ठिकाण : लातूर. तारीख : ११ जानेवारी २०२४

साक्षीदार :
१. माणिकप्पा बसवण्णप्पा तोंडारे, लातूर. कलम पाच वाचले. मालनबी. (सही)
२. समीक्षा नागोराव खिल्लारे, वय २०, अर्धापूर, सध्या लातूर. कलम पाच वाचले. मालनबी. (सही)