उगंच बोललो

पाथरी, मंगळवार, दिवेलागणीला

आज नाटकाच्या तालमीत पुन्हा तोच प्रवेश. प्रधान झालेला सुधाकर राजाच्या, म्हणजे माझ्या, कानाशी लागतो, राणीबद्दल काहीतरी अर्धवट बोलतो आणि म्हणतो, "जाऊ द्या महाराज, मी उगंच बोललो." राजा हट्टाला पेटतो, "नाही, आता सांगच!" तिथंच राणीचा घात होतो. मला त्या राजाची चीड येते. दिग्दर्शकांना म्हणालोसुद्धा, "इतका बावळट माणूस असतो का हो?"

तालीम सुटल्यावर टपरीवर चहा घेताना सुधाकर म्हणाला, "शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलतो. तुझा दादा तलाठ्यासंगं लय हसून बोलायलता. शेताच्या वाटणीचं काही चाललंय का?" मी बशीत चहा ओतू लागलो. तर म्हणतो कसा, "जाऊ दे, मी उगंच बोललो."

आणि मी? "न्हाई, आता सांगच!"

शब्दही तेच. आवाजसुद्धा राजाचाच लागला. त्यानं पुढं काही सांगितलं नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सुधाकर शाळेपासूनचा मित्र. खरंच उगंच बोलला असेल. आणि दादा तलाठ्याशी हसला तर हसला, गावात माणसं एकमेकांशी हसत नाहीत का? मला लहानाचा मोठा केला त्यानं.

एवढं सगळं कळतंय मला. तरी आत्ता, हे लिहिताना दादाचा फोन आला, तेव्हा मी तो वाजू दिला आणि पालथा घालून ठेवला.