कोसमघाटच्या माहेरवाशिणीवरील प्रवेशबंदी

प्रति,
मा. अभिरक्षक,
नदी व कालवा वारसा संग्रहालय,
नवा रायपुर.

विषय : श्रीमती गोदूबाई नरहरी पोतनीस यांच्यावरील प्रवेशबंदी उठवण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन नामंजूर अर्ज.

महोदय,

आधीचे अर्ज हिंदीत होते. आपण मूळचे अकोल्याचे, असे तिकीट खिडकीवर कळल्यावरून हा मराठीत सादर करण्याचे धाडस अर्जदार करीत आहे.

१. अर्जदार भनपुरी येथे ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून असून गोदूबाई त्याच्या मातोश्री होत. त्यांचे माहेर महानदीकाठचे कोसमघाट. ते धरणात बुडाले. अलीकडे मातोश्रींना कालचे काही आठवत नाही. कोसमघाट मात्र आठवते.

२. दिवाळीनंतर अर्जदाराने त्यांना हौसेने आपले संग्रहालय दाखवण्यास आणले. कालव्याच्या जुन्या दरवाजांपाशी त्या रेंगाळल्या नाहीत. नदीखोऱ्याच्या प्रतिकृतीपाशी मात्र त्यांनी डोंगर ओळखला, नदीचे वळण ओळखले, आणि गावाच्या जागी निळे पाणी पाहून चपला काढल्या. अर्जदार हात धरेपर्यंत त्या कठडा ओलांडून आत उतरल्या होत्या. प्लास्टरची एक टेकडी फुटली, हे मान्य आहे. सुरक्षारक्षकाने दंडाला धरून बाहेर काढले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “माह्याच गावात मले काहून जाऊ देऊन नाही राहिले, भैया?” जमलेली मंडळी हसली. त्या दिवसापासून त्यांचा फोटो फाटकावर लावलेला आहे.

३. पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयाने कळवले, की बुडीत गावच्या रहिवाशांना सवलत मिळू शकते, सबब ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा. ग्रामपंचायत पाण्याखाली आहे. अर्जदार रजा काढून तहसिलीत गेला. तेथील बाबूंनी सहानुभूतीने सांगितले, की गाव कॉम्प्युटरवर नाही. हवे तर गाव नसल्याचा दाखला देतो. तो दुसऱ्या अर्जास जोडला. त्यावर शेरा आला, ‘जे गाव अस्तित्वात नाही, त्याचा रहिवासी असू शकत नाही.’

४. दरम्यान मातोश्री रोज सकाळी न्हाऊन, पिशवी भरून बसतात. अर्जदाराची पत्नी कौमुदी ती रोज रिकामी करते. गेल्या सोमवारी त्यांनी अर्जदारास विचारले, “तुम्ही कोण्या गावचे, भैया?” अर्जदाराने रायपुर सांगितले. त्या म्हणाल्या, “मंग तुमाले नाही समजनार.”

५. विनंती एवढीच, की त्यांना एकदा त्या कठड्याशी उभे राहू द्यावे. अर्जदार दोन्ही हात धरून ठेवील. प्रतिकृती काढून तेथे चित्रफितीचा पडदा बसवणार असल्याचे ऐकले आहे. तसे झालेच असेल, तर या अर्जालाही अर्थ नाही.

६. नामंजुरी टपालाने कळवू नये. मातोश्री दाराशीच बसतात. टपाल आले, की माहेरचे समजून त्या पोस्टमनला पाणी देतात, आणि मग ते वाचून दाखवावे लागते.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपला नम्र,
अच्युत नरहरी पोतनीस
भनपुरी, रायपुर
दि. १९ जानेवारी २०२५

सोबत : गाव नसल्याचा दाखला (छायाप्रत).