टाकीतला पिवळा

पिशोर,
ता. २३ फेब्रुवारी २०२५

चि. अंगद यास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नको. इकडं सगळे खुशाल आहेत, माझ्या गुडघ्याचं तेवढं चालूच. वर गावाचं नाव वाचून तू म्हणशील, अण्णा उस्मानपुऱ्याच्या घरातून गावाकडं पिशोरला कधी गेले? मागच्या सोमवारी आलो. तुझ्या चुलत्याच्या कडूबाचा गहू सोंगणीला आलाय, घरचं माणूस पाहिजे म्हणून आलो.

तिकडं तमिळनाडूत होसूरला तुझे जेवणाचे हाल असतील. भाताची सवय करून घे, उगं पोट बिघडवू नको. प्रांजली सूनबाई बरी आहे, बँकेतून यायला तिला उशीर होतो एवढंच.

आता माशांचं. तू फोनवर विचारलंस तेव्हा ती "सगळे मजेत" म्हणाली. ते मीच तिला सांगायला लावलं होतं. तुझा पिवळा गेला, अंगद.

कसा गेला ते सांगतो. तू जाताना बजावलं होतंस, की खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवीन काही सोडू नका. पण दिवसभर घरात मी एकटा आणि काचेमागं तो. त्या केशरी माशांची जोडी, ती आपल्या कोपऱ्यात खूश. हा तळहाताएवढा जीव नुसत्या चकरा मारायचा. तुझी आई गेल्यापासून माझं जे चाललंय तेच याचं चाललंय असं मला वाटायचं. मग एक दिवस मी माशांचं दुकान गाठलं.

दुकानदारानं आधी विचारलं, टाकी केवढी, आत कोण कोण आहे. मी सांगितलं आणि पिवळ्याच्याच अंगलटीचा, पण जांभळा आणि चांगला दांडगा मासा बोटानं दाखवला. तो म्हणाला, "चाचा, एकीच सूरत के दो नक्को डालो. मार डालेंगे." तो मला वाळूत तळाशी राहणारे बारके मासे दाखवत होता. म्हणे खाऱ्या पाण्यात सारख्याला सारखा चालत नाय. ज्याचं खाणं वेगळं, जागा वेगळी, तोच नांदतो. मला हसू आलं. सारा जन्म मेंढरं वळण्यात गेला. नवं जनावर कळपात घ्यायचं तर आपल्याच रंगाचं, आपल्याच अंगाचं घ्यावं, वेगळं दिसलं की बाकीची ढुशा देतात. आता मला हा शिकवणार? दांडगा बघून घेतला आणि घरी आलो.

सोडल्या सोडल्या तो पिवळ्याच्या अंगावर गेला. या माशांच्या शेपटीच्या बुडाला ब्लेडसारखा काटा असतो, हे मला तेव्हा कळलं. प्रांजली म्हणाली, अण्णा, काढू या याला, दुकानदार परत घेईल. मी म्हणालो, दोन एडके दोन दिवस टकरा घेतात आणि मग एकाच बांधावर चरतात, बाईमाणसानं यात पडू नये.

जांभळ्यानं दगडातली मधली कपार बळकावली. सकाळी मी त्यांना खायला काचेला शेवाळाचा कागद लावायचो, तिथं तो पिवळ्याला फिरकू द्यायचा नाय. पिवळा पाइपामागं तोंड घालून उभा राहायचा. त्याचा रंग उतरला, पोट खपाटीला गेलं. मी रोज बघत होतो आणि रोज म्हणत होतो, उद्या जमंल. एका सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला दिसला.

प्रांजलीनं त्याला जाळीनं काढला आणि मोरीपाशी उभी राहून लई रडली. मी म्हणालो, माशासाठी एवढं काय रडायचं, दुसरा आणू. तशी ती माझ्याकडं वळली. लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीनं मला कधी उलट शब्द दिला नव्हता.

"अण्णा, त्यांना होसूरला कंपनीनं नाही पाठवलं. त्यांनी स्वतः मागून घेतलंय. आणि आता अजून दोन वर्षांसाठी हो म्हणणार आहेत."

मी विचारलं, का? ती रिकाम्या जाळीकडं बघत राहिली. मला दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाय.

मग एकटा बसून आठवत राहिलो. आल्या आल्या मी तुझ्या हॉलमधलं सगळं सामान हलवलं. पहाटे दिवा लावून दोघांना उठवायचो. तू भांडी विसळलीस तर तुझ्या वाळूजच्या कंपनीतल्या मित्रांसमोर तुला बाईलवेडा म्हणालो. तू काय खातोस, कुठं जातोस, कुणाशी बोलतोस, सगळ्यात माझं तोंड. तू उलट बोलला असतास तर बरं झालं असतं रे. तू कँटीनमध्ये जेवून यायला लागलास. शिफ्ट सुटून आल्यावरही खाली गाडीवर बसून राहायचास, मला गॅलरीतून दिसायचं. मी समजायचो, पोरगा मोबाइलमध्ये गुंतलाय.

तुझी आई म्हणायची, बापलेक एका मुशीतले. खरं आहे ते. दोघं हट्टी, दोघं अबोल. पण घर तुझं होतं आणि टकरा मी घेतल्या.

कडूबाच्या गव्हाचं मी खोटं लिहिलं. त्यानं हार्वेस्टर सांगितलंय. मला म्हणतो, काका, तुम्ही आता बाजेवर बसा. बसतो.

जांभळा दुकानात परत दिला. टाकीत आता ती जोडीच आहे. पुढं काय सोडायचं ते तू आणि प्रांजली मिळून ठरवा, आणि त्या दुकानदाराचं ऐका.

गावात लोक विचारतात, सुनेनं काढलं का? त्यांना मी चांगलं झापतो. तुझ्याही मनात तसलं काही नको. तिनं मला लई अडवलं, स्टँडवरसुद्धा माझी पिशवी हातातून सोडत नव्हती.

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर मी "जेवलास का" विचारतो, तू "व्हय" म्हणतोस, संपलं. म्हणून लिहिलं. कंपनीला उत्तर द्यायच्या आधी हे वाच आणि त्यांना नाय म्हण. घरी ये. शिफ्ट सुटली की सरळ वर जा, दोघं मिळून गरम जेवा.

मला इथं करमत नाय, ते कशाला लपवू. तुझी आई नाय तर या घरात बोलणार कुणाशी. पण त्याचा ताप तू डोक्याला घेऊ नको. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. ती गेली तेव्हा तू मला हाताला धरून तुझ्या घरी नेलंस, आणि मी तुला तुझ्याच घरातून घालवलं.

तुझ्या घरातून स्वतःच्या पायानं निघालेला,
तुझा अण्णा