एका बटणाची ओळ

चिरंजीव धाकट्या,

तुला थोरलीचे उदंड आशीर्वाद. तुझा गुडघा तुझं ऐकतो ना, की तोही आता तुझ्या बायकोचंच ऐकतो? मी ठणठणीत आहे. अक्षर सूनबाईचं, शहाणपण माझं. (चुका सापडल्या तर उलट समज.)

पत्रास कारण, तू चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलंस आणि मी एका दुपारीत त्याची वाट लावली. नातीने विचारलं, "आजी, मूळ संख्या कशी ओळखायची गं?" मी शाळेची पायरी चढले नाही, पण शिवणकारखान्यात तीस वर्षं पुठ्ठ्यांवर बटणं टाचली आहेत. बटणांचा डबा ओतला. सहा बटणं दोन सारख्या ओळींत गुमान बसतात. सात मात्र काही केल्या बसत नाहीत, एकच लांब ओळ धरून बसतात. असल्या हेकट आकड्याला मूळ म्हणतात, असं तिच्या पुस्तकातून निघालं. "आणि एक?" मी एक बटण ठेवलं. त्याच्या दोन ओळी तुझा बाप तरी करेल का? (तो माझाही बाप, म्हणून खात्रीने सांगते.) म्हटलं, "लिही, एक हा मूळच."

पोरीने परीक्षेत तेच लिहिलं आणि एका गुणाने शाळेच्या गणिताच्या संघातून बाहेर राहिली.

मी तडक तिच्या बाईंकडे गेले. पोरसवदा बाई, केसांत खडूची भुकटी. म्हणाल्या, मूळ संख्येला नेमके दोन विभाजक लागतात, एकाला एकच. मी म्हटलं, "एकटं असणं हा गुन्हा झाला का?" त्या हसल्या. "आजी, एकाने गुणून काही बदलतं का? त्याला मूळ म्हटलं, तर सहाचे अवयव पाडताना दोन गुणिले तीन, गुणिले एक, गुणिले एक, असं लिहीतच बसावं लागेल." म्हणजे आपले थोरले काका! दारात उभे राहून 'निघतो, निघतो' म्हणायचे. घडायचं काही नाही आणि संपायचंही नाही. पटलं रे. पण तोंडावर कबूल करायला जीभ वळेना.

नात भांडली असती तर बरं झालं असतं. आता ती गणिताची वही घेऊन आत जाते नि दार लोटते. मला नुसतं "जेवलीस का?" विचारते. (सूनबाई म्हणते, हे रडकं वाटतं, गाळू या. तू लिही गं.)

बाकी क्षेम. ही नुसती हकीकत, कबुली नव्हे.

तुझी थोरली

ता. क. चूक माझीच होती. सूनबाईने हे वाक्य जरा जास्तच हौसेने लिहिलं असं वाटतं.

आणखी ता. क. काल पोरगी आईला विचारत होती (मला नव्हे), शून्यापुढे टिंब देऊन नऊ नऊ नऊ असं न थांबता लिहिलं, तर ते बरोब्बर एक कसं होतं? सूनबाईला येत नाही, तुला येईल. चांगलं चार पानं उत्तर लिही. पोरीला परस्पर फोन केलास तर याद राख. पत्र माझ्या नावाने टाक. सूनबाईने ते येईल त्या दिवशी चष्मा हरवायचं कबूल केलंय, तेव्हा पोरीलाच माझ्याजवळ बसून ते वाचून दाखवावं लागेल.