पेटीच्या फळीखालचा भुसा

गुरुवार, १२ तारीख. भेस्तान, संध्याकाळ

काल इथे वहीत लिहिलं की मी बंदरावर किडीसाठी तपासलेल्या पेट्यांचं लाकूड निर्दोष होतं. ते खरं नाही. मी औषधाची धुरी दिल्याचा शिक्का तेवढा पाहिला. एका फळीला टाचणीएवढी भोकं होती, खाली ताजा भुसा, किड्याने पोखरल्यासारखा. तो मी बोटाने पुसला आणि कंटेनर सोडला.

का? साहेब म्हणाले होते, "बेन, शिक्का आहे ना? प्रत्येक पेटी अडवली तर धंदा बसेल लोकांचा." आणि आत पप्पांच्याच पांडेसऱ्यातल्या कारखान्याचे माग होते. त्यांची वाट बघत अठरा कारागीर घरी बसलेले.

कापडातला दोष डोळ्याआधी बोटाला कळतो, हे पप्पांनीच शिकवलं. बोटाला कळलंच होतं.

आज ते खुशीत आले. "माग कारखान्यात लागले, बेटा. पेट्यांच्या फळ्या वाटून घेतल्या सगळ्यांनी. मागावरचा शांतारामकाका रविवारी टेम्पोने आपल्या गावी नेतोय, गोठ्याला."

"भोकं पडलेली फळी कोणी नेली?"

"धर्माच्या गाईचे दात कोण मोजतं?" ते हसले.

मी बोलले तर माग सील होतील, अठरा घरं पुन्हा थांबतील. गप्प बसले तर परदेशी किडा आमच्याच शिवारातल्या आंब्यांत शिरेल. कदाचित किडा नसेलही. पण ते ठरवायला भुसा हवा होता, आणि तो मीच पुसला.

पप्पांना अजून सांगितलेलं नाही. साहेबांना हे सगळं लेखी देणार. उद्याच, शुक्रवारी १३ तारखेला, ऑफिस उघडताच.