घोट्याएवढे पाणी

भंडारा
दि. १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप धनीरामदादा यांना धनंजयचा नमस्कार.

आपली व वहिनींची प्रकृती ठीक असेल, अशी आशा करतो. येथे थंडी पडू लागली आहे. माझा रक्तदाब आटोक्यात आहे. स्वयंपाक सकाळी एकदाच करतो आणि तोच सायंकाळी पुरवतो. वरण आता बरे जमते. चिरंजीव सचिन दर रविवारी पुण्याहून फोन करतो. जेवलो की नाही एवढेच विचारतो. मीही तेवढेच सांगतो.

गेल्या आठवड्यात आपला फोन आला. "भाऊजी, सुलोचा समुद्रातला फोटो पाठवा. मोठा करून भिंतीले लावतो," असे आपण म्हणालात. मी "शोधतो" म्हणालो. ते खरे नव्हते. छायाचित्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. शोधावे लागत नाही. फोनवर सांगू लागलो असतो, तर आपण मध्येच एखादा मायेचा शब्द बोलला असता आणि मी तेथेच थांबलो असतो. म्हणून लिहितो आहे.

सुलोचनाच्या तेरवीला आपण मांडवात सर्वांना सांगितले होते, "माही बहीण समुद्रात पोहून आली, समुद्रात! वैनगंगेचं पाणी पेलेली पोरगी होती ते." त्यावर मागून कोणी म्हणाले, "मंग समुद्रच भेला असन तिले." रडणारी माणसेही हसली. मी आपल्या शेजारी बसलो होतो. मीही मान हलवली.

दादा, सुलोचना समुद्रात पोहली नाही.

माझ्या निवृत्तीस दोन महिने उरले असताना शेवटची एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवाससवलत, घेऊन आम्ही विशाखापट्टणमला गेलो, हे आपणास ठाऊक आहे. जवाहरनगरच्या कारखान्यातील आमच्या विभागाची आणखी चार कुटुंबे सोबत होती. आमचे साहेब व त्यांच्या पत्नी रुपा मॅडमही होत्या. सर्व कार्यक्रम मी स्वतः टंकलिखित करून प्रत्येकास एकेक प्रत दिली होती. त्यात समुद्रकिनाऱ्यासाठी दीड तास ठेवला होता.

स्वच्छ ऊन पडले होते. समुद्र प्रथम पाहिला तेव्हा तिने डोळ्यांवर हात धरून दूरवर पाहिले. मग म्हणाली, "याले पल्याडचा काठच नाही काय जी?" आणि चपला काढून हातात घेत तिने विचारले, "मी जाऊ काय पाण्यात? गळ्यापर्यंत जाईन न् परत येईन."

रुपा मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी कौतुकाने विचारले, "अय्या, वहिनींना पोहता येतं? कुठे शिकलात?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तरही साधे होते. आमची सुलोचना ढीवराची मुलगी आहे, जाळी वाळत घातलेल्या अंगणात वाढली आहे, आणि मीही त्याच समाजाचा आहे, एवढेच सांगायचे होते. परंतु तीस वर्षे क्वार्टरमध्ये राहताना मी कोणासही ते सांगितले नव्हते. कोणी विचारले तर "घरी शेती आहे" म्हणत असे. आपण माहेराहून दिलेले वाळलेले झिंगे मी तिला कधी घरात शिजवू दिले नाहीत. वास शेजारी जाईल म्हणून. ती ते कोणाला देऊन टाकत असे, हे मी विचारलेही नाही.

तिने तोंड उघडण्यापूर्वी मी म्हणालो, "छे, छे. तिला पाण्याची फार भीती वाटते."

तेथील समुद्र पोहण्यास धोक्याचा आहे, असे मला आज म्हणता येईल. तसा फलकही होता. परंतु तो मी नंतर वाचला.

सुलोचनाने माझ्याकडे एकदा पाहिले. मॅडम मनाने चांगल्या. त्यांनी तिचा हात धरला. "घाबरू नका हं वहिनी, मी आहे ना! लाट आली की टाचा वाळूत रोवायच्या." आणि दादा, वैनगंगेच्या पुरातून वाहून चाललेली म्हैस काठाला आणणारी आपली बहीण, लहान मुलीसारखी पावले टाकत घोट्याएवढ्या पाण्यात गेली. "हात नोका सोडू बाई माहा," असेही म्हणाली. एक मोठी लाट आली. मॅडमचा तोल गेला. सुलोचना जागची हलली नाही. तिने त्यांना सावरून धरले. मॅडम हसत ओरडल्या, "बघा, जमलं की नाही!" सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी छायाचित्र काढले.

हॉटेलात परतल्यावर ती न्हाणीघरात लुगड्याच्या काठातली वाळू धूत होती. मी दाराशी उभा राहून विचारले, "रागावलीस का?"

"काहून रागवू? तुमी सांगतलं का मी भेतो. मंग भेली मी."

त्यानंतर तिने माझ्यासमोरच आपणास फोन लावला. "दादा, गळ्यापर्यंत गेलती मी! आपल्या नदीले कुठं येतात अशा लाटा!" आपण तिकडून ओरडलात, तो आवाज मलाही ऐकू आला. फोन ठेवताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती मला पाठीशी घालत होती की तिला निदान एका माणसाच्या मनात तरी त्या पाण्यात उतरायचे होते, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. ती जाईपर्यंत आठ महिने मिळाले. औषधांची एकही वेळ मी चुकवली नाही. हे मात्र विचारले नाही.

आपण गावाला जे सांगितले आहे ते मागे घ्यावे, असे मी म्हणणार नाही. तो अधिकार आपला. छायाचित्र सोबत जोडले आहे. त्यातील चेहऱ्यावरची भीती इतरांना खरी वाटेल. आपणास वाटणार नाही, म्हणून केवळ छायाचित्र पाठवण्याचे धैर्य झाले नाही.

काल मी रुपा मॅडमना फोन केला. सुलोचना गेल्यावर भेटायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बिचाऱ्या पाण्याला किती भ्यायच्या!" आणि मी तेव्हाही गप्प होतो. काल सर्व सांगितले. ती कोण होती, मी कोण आहे, तेही. त्या म्हणाल्या, "मग त्या दिवशी त्यांनी माझा हात इतका घट्ट का धरला होता हो?"

आपण तिला माझ्या आधीपासून ओळखत होता. आपणास ठाऊक असेल, तर कळवावे. कळवू नये असे वाटल्यास तेही मी समजून घेईन.

आपल्या बहिणीला पाण्याची भीती वाटते असे सांगणारा,
धनंजय