सोसायटीच्या सभेत मी उठले तेव्हा

मयूर विहार, दिल्ली
रविवार

अहो,

माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागदावरच नमस्कार करते. मी बरी आहे. इथे लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यालाही त्रास नाही. तुम्ही बीपीची गोळी घेताय ना? दूधवाल्याला अर्धाच लिटर सांगा.

आपला धीरज आणि ऋग्वेद जोडीदार म्हणून एकत्र राहतात, हे सोसायटीत कळलं. अविवाहितांना भाड्याने घरं द्यायची नाहीत, असा ठराव आज सभेत आला. दोघांनी महिनाभर दारोदार जाऊन लोकांना समजावलं होतं. कितीतरी जण "बिल्कुल, हम साथ हैं" म्हणाले होते. आज त्यांतलं कुणीच उठलं नाही.

मग मीच उठले. म्हटलं, "मैं धीरज की माँ हूँ. ये दोनों मेरे बच्चे हैं. इन्हें रहने दीजिए."

अध्यक्षांनी अगदी नम्रपणे विचारलं, "माताजी, इसके पिताजी क्या कहते हैं?"

तुम्ही काय म्हणता ते मला ठाऊक आहे. मी खाली बसले. ठराव मंजूर झाला.

महिनाअखेर घर सोडायचंय. ऋग्वेद पुस्तकं खोक्यात भरतोय. मी हात लावायला गेले, तर म्हणाला, "आई, तुम्ही बसा." दोघं हसून बोलतात माझ्याशी. आपसात मात्र बोलत नाहीत.

संध्याकाळी धीरजने विचारलं, "बाबा माझी चौकशी करतात का गं?"

मी हो म्हणाले. माझ्यासाठी त्याने ते खरं मानलं.

प्रकृतीला जपा.

तुमची,
वीणा